माझ्या नावावरची मोटरसायकल

माझ्या नावावर एक मोटरसायकल आहे, हे मला एका मंगळवारी सकाळी फोनवरून कळलं. लग्नसराई होती. एकाच घरचे अकरा ब्लाऊज माझ्यापुढं पडलेले, तोंडात दोन टाचण्या, आणि पलीकडून एक पोरगी हिंदीतून सांगत होती की मॅडम, गाडीचे तीन हप्ते थकलेत, आज भरता की उद्या?

मी टाचण्या काढल्या आणि विचारलं, "कोणती गाडी?"

तिनं गाडी सांगितली, रंग सांगितला. काळी, लाल पट्ट्याची. मी म्हणलं, बाई, नंबर चुकला. तर तिनं माझं नाव, मालकांचं नाव, गाव पेडगाव, जिल्हा परभणी, माझी जन्मतारीख, सगळं धडाधड वाचून दाखवलं. माझी जन्मतारीख आमच्या घरात कुणाला पाठ नाही. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, मालकांनी आजपर्यंत विचारली नाही. आणि ही कोण कुठली पोरगी ती तोंडपाठ सांगत होती. अर्जावर दिलेला नंबर बंद लागत होता म्हणून तिनं कुठून तरी माझा खरा नंबर शोधून काढला होता. सगळं बरोबर होतं, एवढंच की गाडी माझी नव्हती.

मी बायकांचे कपडे शिवते. ओसरीत मशीन आहे, भिंतीला आरसा आहे, आणि मागच्या अंगाला मालकांची चाळीसेक शेरडं-मेंढरं. घरात आम्ही दोघं आणि माझ्या सासूबाई; मुलगी लग्न होऊन सासरी गेलेली. सायकल शिकायचा प्रयत्न मी एकदाच केला, बोरीला, माहेरी, नववीत असताना. सरळ उकिरड्यात गेले. त्या दिवशी ठरवलं की दोन चाकांवर बसायचंच झालं तर दुसऱ्याच्या मागं बसायचं.

दुपारी मालक भाकरीला आले तेव्हा मी हसत हसत ही गोष्ट सांगितली. मला वाटलं तेही हसतील. त्यांनी भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला.

"भावाला दिलीस का?" ते म्हणाले.

"काय?"

"गाडी. तुझ्या भावानं दिवाळीला नवी गाडी घेतली. काळीच हाय. मी तवाच म्हणलं, ह्याच्यापशी एवढे पैसे आले कुठून."

सव्वीस वर्षांच्या संसारात मालकांनी एखादी गोष्ट इतक्या लवकर जोडलेली मी पाहिली नव्हती. मी खूप समजावलं. ते ऐकून घेत होते, पण त्यांच्या तोंडावर जनावरांच्या बाजारातली कळा आली होती, समोरचा शेळीचं वय खोटं सांगतोय अशी. संध्याकाळपर्यंत नणंदेचा फोन आला. "वैनी, दिली तर दिली, पर सांगून द्यायची व्हती." दुसऱ्या दिवशी पाणी भरायला गेले तर एक शेजारीण कौतुकानं म्हणाली, "शिलाईत लयच पैसा सुटायलाय वाटतं तुला." एकीनं आठशे रुपये हातउसने मागितले. माझ्या भावानं शेवटी वैतागून आपल्या गाडीच्या कागदांचे फोटो पाठवले. ते मी मालकांच्या डोळ्यांपुढं धरले. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा करून पाहिला, पुन्हा लहान करून पाहिला आणि म्हणाले, "मग ही दुसरी कोणाला दिलीस?"

फोन मात्र रोज यायला लागले. सकाळी दहाला एक, दुपारी दोनला एक, चारच्या सुमाराला एक. बहुतेक वेळा तीच पोरगी असायची. मी पहिल्यांदा नीट बोलले, मग चिडून बोलले, मग फोन कट करायला लागले. माझं कामावरून लक्ष उडालं. एका गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्याच लावल्या. तेव्हा सासूबाईंनी फोन माझ्या हातातून काढून घेतला.

सासूबाईंचं बालपण मुसलमान मोहल्ल्याच्या शेजारी गेलेलं. त्यांची हिंदी ही खरी दखनी आहे आणि ती बोलायला मिळत नाही याचं त्यांना फार दुःख. त्यांनी फोन कानाला लावला आणि बाजेवर मांडी घालून बसल्या.

"हां, बोल बेटा. क्या? गाडी? अगे, मेरी बहू को सायकल बी नै आती, गाडी कायकू लेंगी? हौ. हौ. तू खाना खाई क्या?"

पोरगी काय म्हणाली कळलं नाही, पण सासूबाई सरसावून बसल्या. "अब्बी तक नै खाई? दो बज गए ना! तेरा सायब कैसा है गे?"

त्या दिवशी तो फोन अर्धा तास चालला. नंतर नंतर तर दोनच्या फोनची सासूबाई वाट बघायच्या. त्या पोरीचं लग्न ठरत नव्हतं, तिच्या आईचे गुडघे दुखत होते, आणि तिला दिवसाला दीडशे फोन करावे लागत होते, ही सगळी माहिती आमच्या घरात आली. गुडघ्याला एरंडाच्या पानाचा शेक सासूबाईंनी सांगितला. हप्त्याचा विषय ती शेवटी काढायची, तोही ओशाळून, "अम्मा, वो पेमेंट का बहू को बोल देना." सासूबाई म्हणायच्या, "बोलती बेटा," आणि फोन ठेवून मला म्हणायच्या, "लेकरू बेजार हाय बिचारं. कामून तरास देतीस तिला?"

"आत्याबाई, मी तिला तरास द्यायलेय?"

"मग काय ती तुला देतीय?"

पण नुसत्या गप्पांनी कर्ज फिटत नाही. एक दिवस मी साड्यांना पिको करायची मशीन घ्यायची म्हणून बँकेत गेले, तर तिथल्या साहेबांनी माझा कर्जाचा रिपोर्ट काढला आणि माझ्याकडं असं पाहिलं की मला पदर सावरावासा वाटला. माझ्या नावावर एक मोटरसायकल तर होतीच, वर एक महागाचा मोबाईल आणि दोन दारांचा फ्रीज पण होता. "बाई, संसार लय भारी मांडलाय तुमी," साहेब म्हणाले. मग माझा चेहरा बघून त्यांनी पाणी मागवलं आणि पोलिसांत जा म्हणून सांगितलं.

पोलिसांनी तक्रार घेतली. तिथल्या साहेबांनी चांगलं बसवून विचारलं, "आधार आणि पॅनची झेरॉक्स कुणाकुणाला दिली होती?" मी आठवायला लागले. बँकेला, गॅसला, रेशनला, बचत गटाला, मोबाईलच्या सिमला, मुलीच्या कॉलेजात, विम्याच्या माणसाला, परभणीत रस्त्याकडंला टेबल टाकून योजनांचे अर्ज भरून देणाऱ्याला, लग्नाच्या हॉलवाल्याला. साहेबांनी लिहायचं थांबवलं. "न दिलेला कोणी आहे का?" त्यांनी विचारलं. मी म्हणलं, "मालक. त्यांनी कधी मागितली न्हाई."

साहेब म्हणाले, कर्जाच्या अर्जाची प्रत आणा, म्हणजे सही कुणाची, फोटो कुणाचा ते कळेल. मी परभणीतच त्या फायनान्स कंपनीच्या ऑफिसात गेले. काचेचं दार, गार हवा, आणि टेबलामागं टाय लावलेला मॅनेजर. तो म्हणाला, अर्जाची प्रत कर्जदारालाच देता येते.

"बरं, मग द्या."

"तुम्ही कर्जदार आहात असं लिहून द्या."

"मी कर्जदार न्हाई हेच तर सांगायलेय."

"मग प्रत नाही देता येणार."

मी त्या गार हवेत उभी राहून दोनदा ते मनाशी म्हणून पाहिलं. कुठूनही वाट निघेना. कर्ज माझं नाही म्हणलं तर कागद मिळत नाही, कागद मिळाला नाही तर कर्ज माझंच. तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला मॅनेजर म्हणाला, "मॅडम, आमचा माणूस तुमच्याकडं येईलच, त्याच्याशी बोला." हे त्यानं इतक्या गोड आवाजात सांगितलं की घरी पोचेपर्यंत मला वाटत होतं मदत येणार आहे.

तो माणूस आला गुरुवारी, सकाळी दहाच्या सुमाराला. पन्नाशीचा, पोट सुटलेला, कमरेला कंबरदुखीचा रुंद पट्टा बांधलेला, बगलेत फाईल. गल्लीला ऐकू जाईल असा आवाज त्यानं बहुतेक येता येता तयार केला होता.

"गाडी कुठं लपवली?"

मी म्हणलं, "दादा, गाडी न्हाईच."

"सगळे असंच म्हणतेत." आणि मला काही बोलू न देता तो घराला वळसा घालून मागं गेला, कडब्याच्या गंजीआड बघायला.

मी ओरडले, "तिकडं जाऊ नका!" त्याला वाटलं गाडी तिकडंच आहे. तो जास्तच जोरात गेला.

मागं आमचा एडका होता, कळपातला शिंगाळ मेंढा. मालकांनी त्याला पोटच्या पोरासारखा वाढवलाय, त्यामुळं त्याला कुणाची भीड नाही. आधी एक धप्प असा आवाज आला, मग फाईल उडाल्याचा, मग कापड फाटल्याचा. कापड फाटल्याचा आवाज मला झोपेतही ओळखू येतो. टेरिकॉट, उभं, शिवणीतून. मी मागं पळाले तेव्हा वसुलीवाला गंजीवर चढून बसला होता, खाली एडका पुढचा पाय आपटत होता, आणि पँट मागून पार उसवली होती.

"ताई, ह्याला धरा वो!" आता तो आवाज गल्लीपर्यंत जात नव्हता.

सासूबाई काठी टेकत आल्या. त्यांनी वर पाहिलं, एडक्याकडं पाहिलं, आणि शांतपणे म्हणाल्या, "धरते. आधी कबूल कर, त्या पोरीला दीडशे फोन करायला तूच लावतोस का?"

"मी न्हाई मावशी, मी साधा माणूस! मला पगार न्हाई, कमिशनवर हाय!"

ते ऐकून सासूबाईंचं मन द्रवलं. त्यांनी एडक्याला शिंगाला धरून खुंट्याला बांधलं.

पुढचा तासभर तो वसुलीवाला आमच्या ओसरीत, मालकांचा टॉवेल गुंडाळून, भिंतीला पाठ लावून बसला होता. कमरेचा पट्टा तसाच होता. मी त्याची पँट मशीनवर घेतली. आता माप काही लपत नाही. कंबर चौतीसची शिवलेली, माणूस अडतीसचा. आतून शिवण सोडली, दाबलेलं कापड होतं तेवढं मोकळं केलं, पुन्हा दुहेरी टीप मारली.

"ढिली केलीय," मी म्हणलं. "कंबर त्यानंच दुखत असंल तुमची."

तो पट्ट्यावरून हात फिरवत म्हणाला, "दोन वर्षं झाली, घरात कुणाच्या ध्यानात आलं न्हाई." सासूबाईंनी त्याला चहा दिला. चहा पिता पिता त्याच्यातला वसुलीवाला गळून पडला आणि नुसता माणूस उरला. मी म्हणलं, "दादा, आता पँट हातात येईपर्यंत तुमी कुठं जाऊ तर शकत न्हाई. तेवढी फाईल दाखवा."

त्यानं फाईल उघडली. कोपऱ्यावर शेण लागलं होतं. आत माझ्या आधारची झेरॉक्स, पॅनची झेरॉक्स, खाली कुणीतरी केलेली माझी सही. मी सही करताना शेवटी एक रेघ ओढते. ह्यानं दोन ओढल्या होत्या. आणि मग फोटो. अर्ज करताना कर्जदाराचा मोबाईलवर काढतात तो. मोठा, रंगीत, छातीपर्यंतचा.

"ही मी हाय का?" मी विचारलं.

त्यानं फोटोकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "न्हाई वो."

"एवढे दिवस कुणी बघितला न्हाई?"

"ताई, आमी पत्ता बघतो. फोटो कोण बघतंय?"

फोटोतली बाई पन्नाशीची, डोक्यावर पदर, नाक माझ्याहून चपटं. चेहरा मला आठवेना. पण माझी नजर खाली गेली आणि माझ्या हातातली पँट गळून पडली. जांभळा ब्लाऊज, सोनेरी काठ, काठावर मोर. आणि उजव्या बाहीवरचे मोर खाली डोकं, वर पाय.

तो ब्लाऊज मीच शिवलेला होता.

शिंप्याला स्वतःची चूक विसरता येत नाही. पंचमीला माहेरी आलेल्या एका बाईचा तो ब्लाऊज. सासर तिचं पोखर्णीचं. कापड कमी पडलं म्हणून मी काठ जोडून बाही काढली आणि एका बाहीचे मोर उलटे बसले. उसवायला वेळ नव्हता, तिची बस निघायला आली होती. मी तिला बेधडक सांगितलं की ही नवी फॅशन आहे, एक मोर वर बघतो, एक खाली. तिनं शंभर रुपये कमी दिले. "फॅशन लोकांना पसंत पडली की उरलेले देते," असं म्हणून गेली होती.

मी वसुलीवाल्याला सांगितलं तेव्हा तो टॉवेलसकट उठून उभा राहिला. "ताई, बावीस वर्षं ह्या धंद्यात हाय. बाहीवरनं माणूस सापडलेला पयल्यांदाच बघायलो."

दुसऱ्या दिवशी आम्ही पोखर्णीला गेलो. मी आणि सासूबाई आधी बसनं परभणीला, तिथून जीपनं. सासूबाईंना मी नको म्हणत होते, तर म्हणाल्या, "नरसिंहाचं दर्शन बी व्हईल आणि तुझं भांडण बी बघणं व्हईल." वसुलीवाला आपल्या मोटरसायकलवर आला आणि देवळापाशी आम्हाला भेटला. त्यानं नारळ फोडला. पँट नीट बसली होती. त्यानं मुद्दाम वळून दाखवलं.

जीपमध्ये मी मनाशी वाक्यं जुळवत होते. तुला लाज कशी वाटली नाही, इथून सुरुवात होती. पुढचं याहून कडक होतं. घर विचारत विचारत गेलो तर ती बाई अंगणात एकटीच कुरडया घालत होती. दोन बाजा मांडलेल्या, गव्हाच्या चिकाचं पातेलं वाफाळतंय, हातात सोऱ्या. तिनं आधी मला पाहिलं, मग माझ्यामागं फाईल घेऊन उभा असलेला माणूस पाहिला, आणि तिचा चेहराच उतरला.

"ताई, शंभर रुपये द्यायचे राह्यलेत, मला म्हाईत हाय," ती घाईघाईनं म्हणाली. "पर तेवढ्यासाठी वसुलीवाला आणायचा का वो? आणि मी म्हणते देऊ कशाचे? समद्या लग्नात लोकांनी इचारलं, बाई, तुझे मोर मेले का?"

माझं पहिलं वाक्य तिथंच गेलं. सासूबाई पदरात तोंड घालून हसायला लागल्या. वसुलीवाल्यानं मात्र फाईल उघडून फोटो तिच्यापुढं धरला. तिनं तो लांबून पाहिला, जवळून पाहिला आणि खूष झाली.

"अगं बाई, लय छान आलाय की! हा तुमच्याकडं कसा?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. परभणीत रस्त्याकडंला तो टेबलवाला, योजनांचे अर्ज भरणारा. त्याच्याकडं मीही एका योजनेसाठी झेरॉक्स देऊन आले होते. ही बाई तिथं रेशन कार्डाच्या कामाला गेली होती. तो म्हणाला, मावशी, बायकांसाठी नवी योजना आहे, नुसता फोटो लागतो.

"मला म्हणला, मोबाईलकडं बघा. डोळे मिटा, उघडा. मान हिकडं, मान तिकडं. मला वाटलं मोतीबिंदू तपासायलाय. आणि वर पाचशे रुपये दिले. तपासून वर पैसे! मी म्हणलं, बरं झालं बाई, सरकार सुधारलं."

त्या फोटोच्या जोरावर माझ्या नावानं मोटरसायकल निघाली हे तिला समजायला वेळ लागला. समजलं तशी ती रडायला लागली. तिला वाटलं तिला आता आत टाकणार. मी पोलिसांकडं येत नाही, मला काही माहीत नाही, तो फोटो माझा नाही, असं ती एका दमात म्हणाली. तो फोटो छान आल्याचं ती आत्ताच म्हणाली होती.

मला खरं तर राग यायला हवा होता. गेले दोन महिने ज्या बाईला मी मनातल्या मनात शिव्या घालत होते ती अशी, पिठाच्या हातानं डोळे पुसत असेल असं मी धरलं नव्हतं. मी काही बोलायच्या आत सासूबाई उठल्या. "चीक गार व्हायलाय," म्हणाल्या, आणि सोऱ्या हातात घेऊन कुरडया घालायला बसल्या. त्यांना जोर पुरेना तसा वसुलीवाला पुढं झाला. "आणा मावशी, मी दाबतो." मी शेवटी पातेल्यापाशी बसले. ती बाईही नाक ओढत आली, कारण वसुलीवाल्याच्या कुरडया फारच जाड पडत होत्या आणि तिला ते बघवेना.

दोन्ही बाजा भरेपर्यंत दुपार झाली. कुरडया घालता घालता सासूबाई तिला सांगत होत्या की खरं सांगितलं तर साक्षीदार होशील, लपवलं तर आरोपी होशील, आणि साक्षीदाराला पोलीस चहा देतात. हे त्यांना कुणी सांगितलं मला ठाऊक नाही. शेवटी ती बाई म्हणाली, "येते मी. पर माझ्या मालकाला आधी तुमी सांगा." मग जरा थांबून, "आणि त्या शंभराचं काय?"

"सोडले," मी म्हणलं. "ब्लाऊज पाठवून दे. मोर सुलटे करून देते."

तिनं जबाब दिला. साक्षीदाराला खरंच चहा मिळाला, आणि तिनं तो सासूबाईंकडं बघत बघत प्यायला. पोलिसांनी आता आपल्या बाजूनं कंपनीला पत्र लिहिलं, तेव्हा जी प्रत मला तीन खेपांत मिळाली नव्हती ती चार दिवसांत आली. त्या टायवाल्या मॅनेजरनं मला खुर्ची दिली. अर्जावरची सही ताडून बघायला माझ्याकडून एका कोऱ्या कागदावर सोळा सह्या करून घेतल्या, एकेक रेघवाल्या. मोबाईलवाल्या आणि फ्रीजवाल्या कंपन्यांनाही तेच कागद जोडून पाठवले. एकीनं महिन्यात कर्ज रद्द केल्याचं कळवलं. दुसरीनं कळवलं, पण पत्रात माझं आडनाव चुकवलं, त्यामुळं कर्जातून दुसरीच कुणी बाई मोकळी झाली आणि मी राहिले. ते दुरुस्त करायला पुढं दोन महिने गेले. गाडीचं कर्ज रद्द झाल्याचंही पत्र आलं. मालकांनी ते हातात घेऊन उलटसुलट केलं आणि म्हणाले, "म्हणजे गाडी भावाला दिली नव्हतीस." मी म्हणलं, "न्हाई." "बरं," ते म्हणाले, आणि शेरडं घेऊन गेले. यापुढं माफी असते हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही.

त्या पोरीनं एकदा शेवटचा फोन केला, केस बंद झाली म्हणून सांगायला. सासूबाईंनी अभिनंदन बाजूला ठेवून आईचे गुडघे कसे आहेत ते विचारलं. बरे होते.

टेबलवाला सापडला पावसाळा संपता संपता, दुसऱ्या जिल्ह्यात, तिथंही टेबलच टाकून बसलेला. त्याच्याकडं आमच्यासारख्यांच्या झेरॉक्सचा गठ्ठा मिळाला. गाडी मात्र त्यानं केव्हाच विकली होती, एका दूधवाल्याला, कागद मागाहून देतो म्हणून. ती गाडी पोलिसांनी आणली आणि ती कंपनीला परत करायच्या आधी, नाव माझं असल्यामुळं, माझी सही हवी म्हणून मला बोलावलं. सासूबाईही आल्या.

ठाण्याच्या आवारात ती उभी होती. माझी मोटरसायकल. मी पहिल्यांदाच तिला पाहत होते. काळी, लाल पट्ट्याची, मागं दुधाच्या कॅनसाठी लोखंडी चौकट बसवलेली. सासूबाईंनी पिशवीतून कुंकू काढून तिच्या दिव्याला लावलं. हवालदार म्हणाला, "आजी, ही आता जायची." त्या म्हणाल्या, "सही व्हईपर्यंत तर आमचीच हाय ना?"

शेजारी तो दूधवाला उभा होता. तिशीचा, वाळलेला. त्याचे पैसे बुडाले होते आणि गाडीही जात होती. माझ्याकडं बघायचं तो टाळत होता. माझी काही चूक नव्हती, तरी मला चोरट्यासारखं वाटायला लागलं. मी सही केली. एक रेघ ओढली.

मग तो दबकत पुढं आला. "काकू, एक इनंती हाय. हँडलचे ते गोंडे. माझ्या बायकोनं केलेत. ते तेवढे नेऊ का?"

दोन्ही मुठींना लोकरीचे गोंडे होते, हिरवे-पिवळे, हातानं विणलेले, वीण एकदम पक्की. मी हवालदाराकडं पाहिलं. त्यानं कागद वर धरला, खालपर्यंत वाचला.

"पंचनाम्यात गोंडे लिहिलेले न्हाईत," तो म्हणाला आणि चहा सांगायला आत गेला.

मी पिशवीतून कात्री काढली आणि धागा न दुखावता, तिच्या टोकानं एकेक गाठ सोडवून, ते गोंडे त्याच्या हातात दिले.